टँकरमधून रसायन गळताना दिसलं तर कुणाला कळवायचं आणि काय सांगायचं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. रस्त्यात टँकरमधून किंवा कारखान्याच्या भिंतीबाहेर काहीतरी सांडताना दिसलं तर फोन कुणाला करायचा, आणि नंतर ते साधं पाणीच निघालं तर आपल्या अंगाशी येईल का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्या धास्तीपायीच फोन राहून जातात. जे दिसलं ते प्रामाणिकपणे सांगणं वेगळं आणि मुद्दाम खोटी आवई उठवणं वेगळं, हा फरक यंत्रणेला चांगला कळतो. "पाणी असेलही, पण टँकरवर नारंगी पाटी आहे आणि डोळे चुरचुरतायत" असं बिनधास्त सांगा. रसायन कोणतं हे ओळखायची जबाबदारी तुमची नाही.

मी रसायन उद्योगात सुरक्षा विभागात काम करतो, कंट्रोल रूममध्ये असे फोन घेतले आहेत. ठराविक फोन असा असतो: "गॅस लीक झालाय, लवकर या!" आणि खट्, कट. कुठे, रस्त्याच्या कुठल्या अंगाला, काहीच नाही. उलट फोन करावा तर एंगेज, कारण तोवर गृहस्थ व्हिडिओ काढून दहा जणांना कळवण्यात गुंतलेले.

फोन आधी आपत्कालीन क्रमांकावर. भारतात आणि युरोपात ११२, अमेरिकेत ९११. तिथून अग्निशमन दल, पोलीस, रुग्णवाहिका हलतात. प्रदूषण खात्याला कळवायचंच, पण नंतर. टँकरवर मालकाचा किंवा वाहतूकदाराचा नंबर रंगवलेला असतो, त्यांनाही सांगा, मात्र दुसरा फोन म्हणून. "त्यांना सांगितलं, ते बघतील" एवढ्यावर थांबू नका.

आणि हे सगळं लांब जाऊन. वारा गळतीकडून तुमच्याकडे येत असेल तर आडवे सरका आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे वारा जिथून येतो तिकडे, शक्यतो चढावर जा. क्लोरीन हवेपेक्षा जवळपास अडीच पट जड असतो, तो चर, खड्डे, तळघरं गाठतो. अमोनिया खरं तर हवेपेक्षा हलका, पण द्रवरूप अमोनिया टाकीतून फुटला की थंडगार पांढरं धुकं होऊन जमिनीलगत पसरतो. नाकावर भरवसा ठेवू नका. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो खरा, पण हवेत त्याचं प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास गेलं की वास घेण्याची शक्तीच बधिर होते. माणसाला वाटतं गॅस गेला. अंतराचा ढोबळ अंदाज हवा असेल तर अग्निशमनवाले पदार्थ माहीत नसताना सुरुवातीला सगळ्या बाजूंनी किमान १०० मीटर मोकळे ठेवतात. टँकर आगीत सापडला असेल तर ८०० मीटर. उत्तर अमेरिकेतल्या आपत्कालीन मार्गदर्शिकेतले हे आकडे आहेत. पेट्रोलसारखं काही असेल तर गळतीजवळ गाडी स्टार्ट करू नका, पायी निघा.

आता सांगायचं काय? सगळ्यात आधी जागा. फोन मध्येच तुटला तरी जागा पोचलेली असली पाहिजे. किलोमीटरचा दगड, पूल, कुठल्या दिशेची लेन. त्यानंतर पाटीवरचे आकडे. नारंगी पाटीवर बऱ्याच देशांत वर-खाली दोन आकडे असतात. खालचा चार आकडी म्हणजे यूएन नंबर, तो पदार्थाचा जगभर चालणारा क्रमांक: १२०३ पेट्रोल, १०१७ क्लोरीन, १००५ अमोनिया, १८३० सल्फ्युरिक ॲसिड. वरचा आकडा धोक्याचा प्रकार सांगतो, पेट्रोलला तिथे ३३ असतं. त्याच्या आधी इंग्रजी एक्स असेल तर तो पदार्थ पाण्याशी घातक रीतीने भडकतो, म्हणजे बंबवाल्यांना नळी उघडण्याआधी हे कळायलाच हवं. खालचा तेवढा एक यूएन नंबर नीट सांगितलात तर तुमच्या फोनने अर्धं काम केलं. लांबून मोबाइलच्या कॅमेऱ्यात झूम करून वाचा. नाहीच वाचता आला तर सोडून द्या, पाटी वाचायला पुढे गेलेला माणूस पुढचा रुग्ण ठरतो.

पाटी दिसत नसली तरी सांगण्यासारखं बरंच असतं. टाकीची दोन्ही टोकं घुमटासारखी फुगीर आहेत का? दाबाखालच्या वायूच्या टाक्या तशा असतात. फुसफुस आवाज येतोय का, ढग पांढरा आहे की पिवळसर हिरवा, तो कुठल्या वस्तीकडे सरकतोय, ड्रायव्हर बाहेर पडलाय का, कुणी कोसळलंय का. आणि गळती गटारात किंवा ओढ्यात उतरतेय का. हे शेवटचं लोक हमखास विसरतात. १ नोव्हेंबर १९८६ला स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली. आग विझवलेलं पाणीच कीटकनाशकं घेऊन ऱ्हाईन नदीत उतरलं आणि खाली शेकडो किलोमीटरपर्यंत मासे मेले. नदीकाठच्या पाणीपुरवठ्याला वेळीच कळलं तर नदीतून पाणी उचलणं थांबवता येतं.

तुम्ही स्वतः कारखान्यात काम करत असाल तर मामला थोडा वेगळा. तिथे "आधी साहेबांना विचारू" यात वेळ जातो. भोपाळमध्ये १९८४च्या २-३ डिसेंबरच्या रात्री वस्तीसाठीचा भोंगा वाजून थोड्याच वेळात बंद केला गेला. तो पुन्हा लागेपर्यंत वायू घराघरांत शिरला होता. भारतात १९८९च्या घातक रसायनांच्या नियमांत मोठ्या अपघाताची सूचना ४८ तासांत द्यायला सांगितली आहे, आणि काही व्यवस्थापक हा आकडा सवलतीसारखा वापरतात. ती मुदत सरकारी अधिकाऱ्यांना द्यायच्या सूचनेची. अग्निशमन दलाला आणि शेजारच्या वस्तीला कळवायला ४८ तास आहेत असं त्यातून निघत नाही. अमेरिकेत १९८६च्या कायद्यानुसार ठराविक वजनाच्या वर गळती झाली की लगेच कळवावं लागतं, आणि क्लोरीनसाठी ते वजन अवघं १० पौंड, म्हणजे साडेचार किलोच्या आसपास आहे.

रोज रात्री नाल्यात रंगीत पाणी सोडणं किंवा माळावर पिंपं टाकून जाणं, हे प्रकार मात्र आपत्कालीन फोनचे नाहीत, कुणी बाधित होत नसेल तोवर. इथे पर्यावरण खात्याकडे लेखी तक्रार करा: तारीख, वेळ, जागा, फोटो. तक्रार क्रमांक मागून घ्या. नमुना म्हणून बाटली स्वतः भरू नका. एक तर हात भाजेल, दुसरं म्हणजे कायद्यात नमुना घेण्याची ठरलेली पद्धत असते आणि तुमची बाटली पुरावा म्हणून टिकणं अवघड. पाणी सोडण्याची नेमकी वेळ कळवलीत तर खात्याचा माणूस त्या वेळी येऊन रीतसर नमुना घेऊ शकतो.