हार्डिनेस झोन ६बीचा ७ए झाला, मग आता अंजीर कुंडीतून काढून जमिनीत लावू का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेच्या हार्डिनेस झोन नकाशात (कुठल्या भागात कुठलं झाड थंडीत तगेल याचा अंदाज देणारे पट्टे) झिप कोड टाकला की आधी ६बी यायचा, आता ७ए दाखवतो, तर दर हिवाळ्यात गराजमध्ये ओढत न्यावं लागणारं अंजीर एकदाचं जमिनीत लावून मोकळं व्हावं का. लावा की. फक्त नकाशा बदलला म्हणून लावू नका, कारण त्या नकाशात एकच आकडा आहे आणि आपण त्यातून नाही नाही ते अर्थ काढतो. माझाही झोन असाच अर्ध्याने सरकलाय आणि झोनच्या भरवशावर मी आधीच दोन झाडं घालवलीत, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

झोन म्हणजे आपल्याकडे हिवाळा किती कडक असं सगळ्यांना वाटतं. तसं नाहीये ते. दर वर्षाची सगळ्यात थंड रात्र घ्यायची, त्या रात्री पारा कुठवर उतरला ते बघायचं, असे ३० वर्षांचे ३० आकडे आणि त्यांची सरासरी, बास, तोच तुमचा झोन. ७ए म्हणजे ही सरासरी ० ते ५ फॅरनहाइटच्या मधे, सेल्सियसमधे साधारण उणे १८ ते उणे १५. ६बी त्याच्या खालचे ५ फॅरनहाइट (ए आणि बी म्हणजे एकेका झोनचे दोन अर्धे भाग). आता सरासरी म्हटल्यावर बऱ्याच वर्षी पारा त्याच्याही खाली जाणार हे आलंच ना, आणि झाड मरायला एकच रात्र पुरते.

बरं, हा सध्याचा नकाशा अमेरिकेच्या कृषी खात्याने नोव्हेंबर २०२३ मधे काढला. त्याआधीचा २०१२ चा, तो १९७६ ते २००५ च्या आकड्यांवर होता, हा १९९१ ते २०२० च्या. दोन्हींची तुलना केली तर देशभरात सरासरी अडीच फॅरनहाइटचा फरक पडला आणि साधारण अर्धा देश पुढच्या अर्ध्या झोनमधे गेला, उरलेला होता तिथेच. यातला सगळा फरक तापमानवाढीचा म्हणता येत नाही, खातंही तसं म्हणत नाही, कारण मागच्या वेळी ७,९८३ हवामान केंद्रं होती आणि या वेळी १३,४१२, म्हणजे डोंगर, शहरं, तळ्याकाठचे भाग आधीपेक्षा बारकाईने दिसतात. पण हिवाळे कोमट होतायत हे बागेत हात घालणाऱ्या कुणालाही नकाशाशिवाय कळतंय.

आणि खरी गोची इथेच आहे. थंडी कमी झाली म्हणजे झाडांना बरंच असं आपण धरून चालतो. पण झाड थंडीला हळूहळू तयार होतं, शरद ऋतूत दिवस लहान होतात, गारवा वाढत जातो तसतसं ते आतून कडक होत जातं. आणि ही तयारी उतरायला फार दिवस लागत नाहीत, फेब्रुवारीत आठ-दहा दिवस ऊन पडलं की कळ्या फुगायला लागतात. पीचचीच गंमत बघा, झोपलेली कळी उणे २० सेल्सियसच्या आसपासची थंडीही बऱ्यापैकी काढते, आणि तीच कळी पूर्ण उमलली की उणे ३ च्या आसपास दहातली एखादी जाते आणि उणे साडेचारला दहातल्या नऊ. म्हणजे जानेवारीतली कडाक्याची रात्र काही करत नाही आणि मार्चअखेरची साधी दहिवराची रात्र सगळं पीक घेऊन जाते. २०१७ ला जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायनात हेच झालं, हिवाळा कोमट, झाडं लवकर फुलली, मार्चमधे गारठा आला आणि बहुतेक पीच गेले. हिवाळ्याच्या सुरुवातीलाही असाच दगा होतो. २०२२ च्या ख्रिसमसच्या तोंडावर काही तासांत पारा धाडकन खाली आला, तेव्हा माझी रोझमेरी गेली आणि भिंतीकडेचं कॅमेलियाही गेलं. दोन्ही झोनप्रमाणे चालणारी होती बरं का.

दुसरी बाजू कुणी फारशी बोलत नाही, ती म्हणजे थंडी हवी असणारी झाडं. सफरचंद, पीच यांना कळ्या नीट फुटायला हिवाळ्यात ० ते ७ सेल्सियसमधले काहीशे तास लागतात, जातीप्रमाणे कमीजास्त. ते भरले नाहीत तर फुलं मागेपुढे येतात, पानं उशिरा, फळ नावाला. ट्यूलिपच्या कंदालाही तीन-चार महिने गारवा लागतोच. तुमच्याकडे अजून इतकी वाईट वेळ नाही, पण नवीन फळझाड घेताना लेबलवरचा झोन बघता तसं चिल अवर्सही (म्हणजे हेच थंडीचे तास) विचारा. किडींचं वेगळं सांगत नाही, थंडीने मरायच्या त्या मरत नाहीत, मग उन्हाळ्यात भोगा. आणि उन्हाळ्याबद्दल हार्डिनेस झोन एक शब्द बोलत नाही, त्यासाठी अमेरिकन हॉर्टिकल्चरल सोसायटीचा १९९७ चा हीट झोनचा वेगळा नकाशा आहे, ३० सेल्सियसच्या वर किती दिवस जातात त्यावर.

आता अंजीर. शिकागो हार्डी जातीचं असेल तर बिनधास्त लावा, कारण वरचं सगळं जळून गेलं तरी ते मुळातून फुटतं आणि त्याच वर्षीच्या नव्या फांदीवर फळ धरतं. दुसरी एखादी नाजूक जात असेल तर मी थांबलो असतो. जागा दक्षिणेकडच्या विटांच्या भिंतीलगत, दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडते. हीच जागा पीचला मात्र वाईट, ते तिथे लवकर जागं होतं, त्याला उत्तरेकडे ठेवा. उताराच्या तळाशी काहीच नाजूक लावू नका, रात्री थंड हवा पाण्यासारखी तिथे येऊन साठते. अर्धा उन्हाळा झाला की नायट्रोजन बंद, नाहीतर कोवळी वाढ थंडीत सापडते. जमीन गार झाल्यावर बुंध्याशी वीतभर पालापाचोळा घाला, आधी नको. वसंतात काडी वाळलेली दिसली की लगेच उपटायला जाऊ नका, माझं एक अंजीर जूनमधे फुटलं होतं आणि तोवर मी दोनदा फावडं घेऊन गेलो होतो.

आणि मूळ झाड जमिनीत गेलं तरी त्याची एक काडी कुंडीत रुजवून ठेवा, अंजिराची काडी सहज लागते. ती छोटी कुंडी गराजमधे न्यायला एक हात पुरतो.