एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज लेखिका ब्राँटे बहिणींचं चरित्र पहिल्यांदाच वाचतेयस?

मग सनावळ्या पाठ करत बसू नकोस. शार्लट, एमिली, ॲन आणि भाऊ ब्रॅनवेल, एवढी चार नावं पक्की कर. इंग्लंडमधल्या हॉवर्थ गावच्या त्यांच्या घरातला १८२६ सालचा प्रसंग मात्र सावकाश वाच: वडिलांनी आणलेले लाकडी शिपाई, त्यांच्यावर रचलेल्या गोष्टी आणि पुढे त्या शिपायांना शोभतील अशा काडेपेटीएवढ्या वह्या. अक्षर मुंगीएवढं! तिघींच्या लेखनाचं मूळ तिथं आहे.

नवखे वाचक दोन चुका हमखास करतात:
- त्यांच्या कादंबऱ्यांतलं सगळं त्यांच्या आयुष्यात घडलं असं धरून चालतात.
- ॲनला वगळतात. तसं करू नकोस, फार धीट लेखिका आहे ती.

१८४६ साली टोपणनावांनी काढलेल्या कवितासंग्रहाच्या वर्षभरात दोनच प्रती खपल्या, तरी तिघी लिहीत राहिल्या. शेवटची प्रकरणं मनाला जड जातील. थांबत थांबत वाच.