शुश्रूषा केंद्राची पारख कशी करावी?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांची उजवी बाजू लुळी पडली असून त्या अंथरुणातच असतात, आणि आता स्मृतिभ्रंशामुळे काय दुखते-खुपते हेही त्यांना धड सांगता येत नाही. ब्युरोकडून येणाऱ्या मावशी घरी टिकत नाहीत आणि आम्ही दोघेही नोकरी करतो, म्हणून पुण्याजवळची दोन शुश्रूषा केंद्रे पाहून आलो. एक नवे आहे. तिथे लिफ्ट, बाग, प्रत्येक खोलीत टीव्ही आणि प्रत्येक मजल्यावर कॅमेरे आहेत. दुसरे जुन्या बंगल्यात आहे आणि त्याचे शुल्क बरेच कमी आहे. दिरांचा कल पहिल्याकडे आहे, माझे मन मात्र ठरत नाही. काळजी चांगली घेतली जाते की नाही, हे बाहेरच्या माणसाने कसे ओळखावे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण केलेल्या वर्णनात इमारत आहे, रुग्ण नाहीत. बाग आणि टीव्ही यांचा उपयोग चालत्या-फिरत्या, बोलत्या ज्येष्ठांना असतो. ज्यांना कूससुद्धा स्वतःहून बदलता येत नाही आणि तक्रारही करता येत नाही, त्यांच्या बाबतीत केंद्राचा दर्जा रुग्णाच्या कातडीवर आणि रात्रपाळीच्या हजेरीत दिसतो. तेव्हा दोन्ही ठिकाणी पुन्हा जावे आणि या वेळी आधी फोन करू नये. रविवारची दुपार किंवा रात्रीच्या जेवणाची वेळ त्यासाठी उत्तम, कारण त्या वेळी व्यवस्थापक जागेवर नसतो आणि केंद्र एरवी जसे चालते तसेच दिसते. ‘भेटीची वेळ चार ते पाचच’ असे सांगून कोणी आपल्याला दारातून परत पाठवत असेल, तर माझ्या मते निम्मी पारख तिथेच झाली.

शय्याव्रण, म्हणजे ज्याला सगळे बेडसोर म्हणतात, हा माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका पुरावा आहे. एकाच जागी शरीराचा भार पडून राहिला की माकडहाड, नितंब, टाचा अशा हाडाच्या उंचवट्यांवरील कातडीचा रक्तपुरवठा तुटतो आणि तिथे जखम होते. लघवीने भिजलेला डायपर वेळेवर बदलला नाही की ती लवकर चिघळते. म्हणून अशा रुग्णाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी, टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटरीखाली उशी द्यावी, असा शुश्रूषेतला प्रघात आहे. हवेच्या गादीने मदत होते, पण ती असली तरी कूस बदलावीच लागते; शिवाय गादीचा पंप चालू आहे का, हे वाकून पाहावे, कारण वीज गेल्यावर किंवा आवाजाचा त्रास होतो म्हणून बंद केलेला पंप तसाच राहिल्याचे पुष्कळदा दिसते. गोऱ्या कातडीवर पहिली खूण लाल डाग म्हणून दिसते. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर तो लालपणा सहज ओळखू येत नाही, तिथे बोटांना लागणारा गरमपणा किंवा घट्टपणा हीच सूचना असते. ही गोष्ट तिथल्या परिचारिकेला ठाऊक आहे का, हे अवश्य विचारावे. ‘सध्या किती जणांना बेडसोर आहेत, आणि त्यांपैकी किती जणांना ते इथे आल्यानंतर झाले?’ असाही प्रश्न सरळ विचारावा. अंथरुणाला खिळलेले पुष्कळ रुग्ण असलेल्या केंद्राने ‘आमच्याकडे आजवर एकही नाही’ असे ठासून सांगितले तर मला ते खटकेल. ‘दोघांना आहेत, एक रुग्णालयातूनच घेऊन आले, दुसऱ्यांचे ड्रेसिंग रोज चालू आहे’ हे उत्तर मला जास्त विश्वासाचे वाटते.

खाटेच्या पायथ्याशी कूस बदलल्याच्या नोंदीचा तक्ता लावलेला असतो. तो पाहायला विसरू नये. सकाळी अकराला आपण गेलात आणि तक्त्यावर दुपारी चारपर्यंतच्या सह्या एकाच पेनाने, एकाच वळणात झालेल्या असतील, तर त्या केंद्रातील कोणत्याच नोंदीवर भरवसा ठेवता येणार नाही. याउलट एखादा रकाना रिकामा राहिलेला, कडेला ‘पोट बिघडल्याने दोनदा डायपर बदलला’ असे घाईत खरडलेले, अशी मळकट नोंदवही मी जास्त खरी मानेन.

जेवणाच्या वेळी भरवण्याकडे लक्ष द्यावे. अर्धांगवायूनंतर पुष्कळांची गिळण्याची क्रिया मंदावते आणि घास किंवा पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो, म्हणून रुग्णाला नीट बसते करून, डोके किंचित पुढे झुकवून, एक घास गिळला गेल्याची खात्री झाल्यावरच दुसरा द्यावा लागतो. एकच मावशी दोन खाटांच्या मध्ये उभी राहून, आडव्या पडलेल्या आजींच्या तोंडात मऊ भाताचे घास भराभर घालत असेल आणि आजींना ठसका लागल्यावर लगेच पाण्याचा पेला लावत असेल, तर तो तिचा दुष्टपणा नव्हे. तिच्यावर किती जणांची जेवणे सोपवली आहेत, याचा तो हिशेब आहे. नाकातील नळीने अन्न दिले जात असेल तर खाटेचा डोक्याकडचा भाग उचललेला असावा आणि नंतरही अर्धा तास तरी तसाच ठेवावा. वजनाची नोंद दरमहा होते का, हे विचारावे. महिन्याभरात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन आपोआप घटणे ही वैद्यकीयदृष्ट्या दखल घेण्याजोगी बाब असते. म्हणजे पन्नास किलोच्या सासूबाईंचे महिन्यात अडीच किलो कमी झाले, तर केंद्राने आपण होऊन तुम्हाला कळवायला हवे.

मनुष्यबळाविषयी ‘आमच्याकडे चोवीस तास नर्स असते’ या उत्तरावर थांबू नये. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत प्रत्यक्ष किती माणसे जागी असतात, त्यांत एएनएम किंवा जीएनएम हे परिचर्येचे अभ्यासक्रम पूर्ण केलेली, महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असलेली परिचारिका किती आणि मावशी व वॉर्डबॉय किती, हे वेगवेगळे विचारावे. तीस खाटांमागे रात्री दोनच मदतनीस असतील, तर दर दोन तासांनी कूस बदलण्याचे आश्वासन पाळणे त्यांना शक्य नाही. हे समजायला साधी गुणाकार-भागाकाराची बुद्धी पुरते. एखाद्या मावशीला सहज विचारावे, ‘तुम्ही इथे किती वर्षे आहात?’ सगळ्याच गेल्या दोन महिन्यांत लागलेल्या असतील, तर त्या का टिकत नाहीत, हे व्यवस्थापनाने सांगितले पाहिजे.

औषधांच्या बाबतीत एक गोष्ट स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी विशेष महत्त्वाची आहे. रात्री ओरडणाऱ्या किंवा उठू पाहणाऱ्या रुग्णाला झोपेची किंवा मनोविकारांवरची औषधे देऊन गप्प ठेवणे सोपे पडते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्येच असा इशारा दिला आहे की, स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये यांपैकी काही औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो. ती कधीच देऊ नयेत असे नाही. पण कोणत्या डॉक्टरांनी, कशासाठी आणि किती दिवसांसाठी लिहून दिली आहेत, हे केसपेपरवर असले पाहिजे आणि सुरू करण्यापूर्वी आपल्याला कळले पाहिजे. भर दुपारी सारा कक्ष शांत झोपलेला दिसला तर कौतुक करू नये, औषधांचा तक्ता मागावा. खाटेला हात बांधण्याबाबतचे धोरणही तेव्हाच विचारून घ्यावे.

नोंदणीविषयी थोडक्यात. रुग्ण दाखल करून उपचार करणाऱ्या संस्थेला महाराष्ट्रात 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली नोंदणी करावी लागते, आणि 2021 मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. मात्र ज्येष्ठांची काही केंद्रे केवळ सार्वजनिक न्यास म्हणून किंवा दुकान नोंदणीवर चालतात. धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी त्या संस्थेच्या हिशेबांविषयी काही सांगते, शुश्रूषेविषयी काहीच नाही. तेव्हा नोंदणी कोणत्या कायद्याखालची आहे ते प्रमाणपत्रावर स्वतः वाचावे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक अधिनियमातील वृद्धाश्रमांची तरतूद निराधारांसाठी आहे, आपल्यासारख्या शुल्क भरणाऱ्या कुटुंबाला तिचा उपयोग नाही. शुल्क देऊन घेतलेल्या सेवेबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि सल्ल्यासाठी ज्येष्ठांची 14567 ही मदतवाहिनी आहे.

कॅमेऱ्यांविषयी दिरांना एवढेच सांगावे, की मजल्यावरचा कॅमेरा कोण आले-गेले हे दाखवतो, पांघरुणाखालची टाच दाखवत नाही. दोन्ही केंद्रांना पंधरा दिवस किंवा महिनाभर तात्पुरते ठेवून घ्याल का, असे विचारावे. जे केंद्र त्याला तयार होईल आणि वर सुचवलेले तक्ते दाखवायला कांकू करणार नाही, ते बंगल्यात असो वा नव्या इमारतीत, त्याला पहिली पसंती द्यावी. दाखल करताना सासूबाईंचे वजन आणि पाठ, नितंब, टाचा येथील कातडीची अवस्था दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी लिहून ठेवावी आणि छायाचित्रे घ्यावीत, म्हणजे पुढे ‘हे आधीपासूनच होते’ असा वाद उरणार नाही.

प्रश्न : माझे वडील न्यू जर्सीतील एका नर्सिंग होममध्ये आहेत. सरकारी संकेतस्थळावर त्याला पाचपैकी चार तारे आहेत, तरीही शनिवार-रविवारी गेल्यावर घंटी वाजवून बराच वेळ कोणी येत नाही. वडील आता इंग्रजी विसरून फक्त मराठीत बोलतात. ताऱ्यांवर कितपत विसंबावे?
– एक वाचक, एडिसन

उत्तर : एकत्रित तारे बाजूला ठेवून त्यांचे घटक वेगवेगळे पाहावेत. 2008 पासून चालू असलेल्या या पद्धतीत तपासणी, मनुष्यबळ आणि गुणवत्तेचे निकष असे तीन भाग आहेत. यांपैकी गुणवत्तेच्या निकषांची बरीचशी माहिती संस्था स्वतःच भरते, म्हणून त्या ताऱ्यांना मी सर्वांत कमी वजन देते. तपासणी राज्याचे निरीक्षक न कळवता येऊन करतात, पण तिचे तारे त्याच राज्यातील इतर संस्थांच्या तुलनेत दिले जातात. मनुष्यबळाचे आकडे पगारपत्रकांवरून घेतलेले असल्याने त्यांत हातचलाखीला वाव कमी आहे, आणि शनिवार-रविवारचे तास तिथे स्वतंत्र दिलेले असतात. आपल्या तक्रारीचे उत्तर बहुधा तिथेच सापडेल. निरीक्षकांचा सविस्तर अहवालही वाचावा. तो संस्थेत सहज पाहता येईल असा ठेवणे बंधनकारक आहे.

भाषेचा प्रश्न शुश्रूषा आराखड्याच्या बैठकीत मांडावा. रुग्णाचे मूल्यमापन दर तीन महिन्यांनी होते आणि आराखड्यात सहभागी होण्याचा हक्क रुग्णाला व त्याच्या प्रतिनिधीला आहे. ‘दुखतंय’, ‘पाणी’, ‘शी झाली’, ‘थंडी वाजते’ असे शब्द रोमन लिपीत, शेजारी चित्रे काढून, खाटेजवळ लावण्यास सांगावे आणि ते आराखड्यात लिहून घ्यावे, म्हणजे पाळी बदलली तरी नव्या मदतनीसाला ते पाहावेच लागतील. घंटीबाबत तारीख आणि वेळ टिपून दोन-तीन आठवड्यांची नोंद करावी, ती संस्थेच्या नर्सिंग प्रमुखांना लेखी द्यावी, आणि फरक पडला नाही तर राज्याच्या लाँग टर्म केअर ओम्बड्समनकडे, म्हणजे अशा संस्थांतील रुग्णांच्या तक्रारी पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जावे. त्यांच्याकडे तक्रार करायला शुल्क लागत नाही, आणि तक्रार केली म्हणून रुग्णावर सूड उगवण्यास कायद्याने मनाई आहे.