वाकतो किती, ते सगळे सांगतात

प्रश्न : नमस्कार ताई. माझं वय 47. 14 आठवड्यांपूर्वी सायकलवरून पडलो. वेग फार नव्हता. वळणावर बारीक खडी होती, पुढचं चाक सरकलं, सावरायला डावा पाय टेकवला आणि सगळा भार त्याच पायावर आला. नडगीचं हाड अगदी वर, गुडघ्याच्या सांध्यातच मोडलं. प्लेट आणि स्क्रू बसवले. 8 आठवडे पाय टेकवायचा नव्हता, मग 3 आठवडे अर्धं वजन, आता पूर्ण वजन टाकायला डॉक्टरांची परवानगी आहे. हाड चांगलं जुळतंय म्हणाले. गुडघा 100 अंशांपर्यंत वाकतो. तरीही मी लंगडतोच. जिना उतरताना गुडघा दगा देईल असं वाटतं, संध्याकाळी घोट्यापर्यंत सूज येते. घरचे म्हणतात, एकदा कुणाकडून तरी जोर लावून वाकवून घे, मोकळा होईल. माझा प्रश्न एकच : सायकल परत कधी?

उत्तर : प्रश्न एकच म्हणता आणि पत्रात निदान चार आहेत! सायकलचा शेवटी घेते, कारण त्याचं उत्तर बाकीच्यांवर अवलंबून आहे.

तुम्ही 100 हा आकडा दिलात. मी पत्रात दुसरा आकडा शोधत होते, तो नाही. गुडघा किती वाकतो ते सगळे सांगतात. पूर्ण सरळ होतो का, हे कुणी लिहीत नाही. तुम्हाला नावं ठेवत नाही, मी स्वतः तेच केलंय. 9 वर्षांपूर्वी मीही सायकलवरून पडले आणि गुडघ्याची वाटी मोडून घेतली. इतकी वर्षं लोकांना व्यायाम शिकवणारी बाई, पण दर आठवड्याला कोनमापक लावून वाकणंच मोजायची आणि खूश व्हायची. एक दिवस सहकारी मागून म्हणाली, "कुबडी सोडलीस, पण चालतेस अजून कुबडी असल्यासारखी." मोजलं तर गुडघा सरळ व्हायला 10 अंश कमी पडत होते.

आज रात्री हे करून बघा. कडक गादीवर पाय लांब करून बसा. उजव्या गुडघ्यामागे तळहात सरकवा, मग डाव्या. उजवीकडे बोटं जेमतेम शिरतात आणि डावीकडे अख्खा हात आरपार जातो, असं असेल तर लंगडण्याचं मोठं कारण सापडलं. पाऊल टाकताना टाच टेकते त्या क्षणी गुडघा जवळजवळ सरळ असावा लागतो. तो वाकलेलाच राहिला तर पाय तेवढा आखूड पडतो, आणि मांडीला तुम्हाला सतत तोलून धरावं लागतं. मग ती दमते, दुखते.

आता टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघा अधांतरी सोडा आणि पाय अगदी सैल सोडून 10 मिनिटं पडून राहा. गुडघा हळूहळू खाली बसत सरळ झाला, पण पाय उचलताच पुन्हा किंचित वाकला, तर सांधा ठीक आहे, मांडीचा स्नायू कमी पडतोय. खाली बसतच नसेल तर सांधा आखडलाय. तेव्हा हेच दिवसातून 3-4 वेळा करायचं. स्नायूसाठी गुंडाळी गुडघ्याखाली घ्या, ती गादीत दाबा, 5 सेकंद धरा, सोडा. असं 10 वेळा. दिवसभरात जमेल तितक्यांदा. आणि झोपताना गुडघ्याखाली उशी घेत असाल तर ती आजच काढा. फार बरं वाटतं, मला माहीत आहे, पण रात्रभर गुडघा वाकलेला ठेवायची ती सोयच आहे. माझे ते 10 अंश त्या उशीनेच खाल्ले होते.

जिन्याचंही मूळ मांडीतच आहे. वाटीच्या वरच्या कडेपासून 15 सेंटीमीटर वर खूण करा आणि दोन्ही मांड्यांचा घेर मोजपट्टीने घ्या. माझ्यात 4 सेंटीमीटरचा फरक निघाला होता. हाड आपलं आपण जुळतं. स्नायू मात्र कामाला लावल्याशिवाय परत येत नाही. वाळायला त्याला दोन-तीन आठवडे पुरतात, भरायला महिने लागतात. उतरणं चढण्यापेक्षा अवघड, कारण तेव्हा त्या स्नायूला लांबत लांबत शरीराचं वजन हळूच खाली सोडायचं असतं. तोवर कठडा धरून एकेक पायरी : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी वापरत असाल तर ती उजव्या हातात. दुखऱ्या बाजूला धरायची चूक जवळपास प्रत्येक जण करतो.

संध्याकाळची सूज या टप्प्यावर अपेक्षित आहे. पाय छातीपेक्षा उंच ठेवून पंजा वर-खाली हलवत राहा. आदल्या दिवशी जास्त झालं का, हे सकाळी ठरवा : उठताना सूज आणि दुखणं नेहमीइतकंच असेल तर चालू ठेवा, वाढलेलं असेल तर निम्म्यावर या. पण पोटरी एकाच बाजूची दुखून टणक झाली, गरम लागली, सूज रात्रभरातही उतरली नाही, तर मालिश करायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. रक्ताची गुठळी असू शकते. दम लागला किंवा छातीत दुखलं तर तडक रुग्णालय.

जोर लावून वाकवून घेणं? मुळीच नाही. सांध्यात मोडलेलं हाड आहे ते, गंजलेली बिजागरी नाही. जोर लावला की गुडघा सुजतो, स्नायू भीतीने आवळतात आणि दुसऱ्या दिवशी 100 चे 85 होतात. वाकणं महिनोन्महिने अडून राहिलं तर भूल देऊन काय करायचं ते शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर ठरवतील.

आता सायकल. पेडलचा पूर्ण फेरा मारायला गुडघा साधारण 110 अंश वाकावा लागतो, सीट उंच केली तर थोडा कमी. म्हणजे तुम्ही उंबरठ्यावर आहात. डॉक्टर हो म्हणाले तर स्थिर सायकलवर याच आठवड्यात बसा. सीट उंच, भार शून्य. फेरा पूर्ण करायचा हट्ट नको, पेडल नुसतं पुढे-मागे झुलवा. पहिला पूर्ण फेरा बहुतेक उलटा जमतो. माझा तसाच जमला होता आणि मी खोलीत एकटीच मोठ्याने हसले होते.

रस्ता अजून नाही. अडचण पेडल मारण्याची नाहीच, थांबण्याची आहे. डाव्या पायावर 30 सेकंद न डगमगता उभं राहता येईल, कठडा न धरता एकामागोमाग पाय टाकत जिना उतरता येईल आणि डॉक्टर हाड पक्कं म्हणतील, तेव्हा मोकळ्या सपाट जागेत आधी फक्त थांबण्याचा सराव करा : ब्रेक, उजवीकडे किंचित कलणं, उजवा पाय खाली. नव्या सवयीशिवाय डावाच पाय आपसूक पुढे येईल, पडताना आला होता तसा. त्याआधी सायकलचा पुढचा फोर्क तपासून घ्या. हेल्मेट आपटलं असेल तर वरून कितीही धडधाकट दिसो, नवीन घ्या.

प्रश्न : सायकल अपघातात घोटा मोडल्याने मुलगी कुबड्यांवर आहे. हाताला मुंग्या येतात म्हणते. पायाच्या दुखापतीने हाताला मुंग्या कशा?

उत्तर : पायामुळे नाही, कुबड्यांमुळे. ती काखेवर लटकत असणार, तिथल्या नसा दबतात. कुबडीचा वरचा भाग आणि काख यांत दोन-तीन बोटांची जागा हवी आणि वजन तळहातांवर. मूठ अशा उंचीला लावा की कोपर किंचित वाकेल. उंची बदलूनही मुंग्या थांबल्या नाहीत किंवा मनगट उचलताना ताकद कमी वाटली तर लगेच दाखवा. आणि हातासरशी कुबड्यांची खालची रबरी बुचं उलटी करून बघा. गुळगुळीत झाली असतील तर आजच बदला.