प्रोस्टेटच्या बायोप्सीत बेसमेंट मेम्ब्रेन (ग्रंथीभोवतीचा पातळ पडदा) शाबूत दिसली तर कॅन्सर नाही, असं धरता येईल का?

नाही, अजिबात धरू नका. वडिलांच्या रिपोर्टमध्ये 'पी-६३ निगेटिव्ह' (म्हणजे ग्रंथीच्या बाहेरच्या थरातल्या बेसल पेशी दाखवणारा रंग आला नाही) वाचल्यावर मेम्ब्रेनमधल्या कोलॅजन-४ या प्रथिनाचा स्टेन करून मेम्ब्रेन तपासून घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. पण नवी मुंबईतल्या लॅबमध्ये १८ वर्षं हिस्टोची (टिश्यू कापून रंगवण्याच्या विभागाची) टेक्निशियन आहे, आणि या प्रश्नावरून मी एकदा बोलणी खाल्ली आहेत.

इतर बऱ्याच अवयवांत कॅन्सरनं मेम्ब्रेन ओलांडली की तो इन्व्हेजिव्ह, असा हिशोब असतो. प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या ग्रंथी मात्र आजूबाजूच्या स्ट्रोमात (ग्रंथींना आधार देणाऱ्या टिश्यूत) घुसतात आणि तिथे पुष्कळदा स्वतःभोवती नवी मेम्ब्रेन तयार करतात. त्यामुळे कोलॅजन-४ आणि साधं लॅमिनिन कॅन्सरच्या ग्रंथीभोवतीही दिसतं. नाहीशा होतात त्या बेसल पेशी. त्यांना मेम्ब्रेनशी घट्ट धरून ठेवणारं लॅमिनिन-३३२ आणि त्याखालचं कोलॅजन-७ हेही त्यांच्याबरोबर जातं. म्हणून आम्ही मेम्ब्रेन रंगवत बसत नाही, बेसल पेशी रंगवतो.

आता माझी गोष्ट. एका निवृत्त शिक्षकांचे १२ कोअर (सुईनं काढलेले बारीक तुकडे) आले होते. त्यातल्या एकाच कोअरमध्ये पाचसहा बारीक ग्रंथी संशयास्पद. पी-६३ लावलं, तर अख्खी स्लाइड निळी, तपकिरी रंग कुठेच नाही. सिनिअर म्हणाले, "निगेटिव्ह आहे, पाठवून दे. सर्जन थांबलेत." पण कडेला चांगल्या मोठ्या, नागमोडी ग्रंथी होत्या. एच अँड ई या नेहमीच्या रंगात त्यांचे दोन्ही थर स्पष्ट दिसत होते, आणि त्यांनाही तपकिरी कडा आली नव्हती. जिथे रंग यायलाच हवा तिथेच तो आला नसेल, तर ती स्लाइड काहीही सांगत नाही. मी रिट्रीव्हलचा बफर (अँटिबॉडी नीट चिकटावी म्हणून आधी टिश्यू ज्यात गरम करतात ते द्रावण) तपासला. तो आदल्या दिवशीचा होता, पीएच घसरलेला. नवा केला, टिश्यूच्या मेणाच्या ब्लॉकमधून पुन्हा ३ मायक्रॉनचा सेक्शन कापला. कोअर सुतासारखा, पाण्यावर तरंगताना मोडला असता तर संपलंच होतं. संध्याकाळी चांगल्या ग्रंथींभोवती तपकिरी ठिपक्यांचं कडं उमटलं. त्या पाचसहा ग्रंथी मात्र कोऱ्याच राहिल्या, आणि त्यांच्यात एएमएसीआर (कॅन्सरच्या ग्रंथींत सहसा वाढणारं प्रथिन) भरभरून आलं.

म्हणजे कॅन्सरच. सिनिअर सगळ्यांसमोर म्हणाले, "अँटिबॉडी गेली, दिवस गेला, निकाल तोच." मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. तुर्भ्याहून ठाण्याची गाडी पकडली आणि घरी येईपर्यंत तेच घोळत राहिलं.

आज सांगते. निकाल 'तोच' नव्हता, कारण पहिल्या स्लाइडला निकालच नव्हता. त्या ग्रंथी कॅन्सरच्या नसत्या तरी ती स्लाइड निगेटिव्हच दिसली असती, आणि मास्तरांच्या माथी चुकीचा रिपोर्ट गेला असता. दिवस वाया गेला असं म्हणणाऱ्यानं हे आधी समजून घ्यावं.

म्हणून तुम्ही पॅथॉलॉजिस्टना एकच विचारा: त्याच स्लाइडवरच्या चांगल्या ग्रंथींनी पी-६३ घेतलं होतं का? रिपोर्टमध्ये हे लिहिलेलं असेल तर उत्तमच. समाधान झालं नाही तर ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या आणि दुसरीकडे दाखवा. टाटा मेमोरियलला बाहेरच्या स्लाइड पाहून देतात.

बाकी, एकट्या स्टेनवर कोणीच निदान करत नाही. काही निरुपद्रवी ग्रंथींतही बेसल पेशी विरळ असतात, आणि क्वचित कॅन्सरच पी-६३ घेतो. एच अँड ई चं चित्र आधी, स्टेन नंतर. पसरला का, याचं उत्तर यातल्या कशातच नाही. त्यासाठी ग्लीसन स्कोअर (कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याचा आकडा), किती कोअरमध्ये सापडला, पीएसए ही रक्ततपासणी आणि गरज पडल्यास स्कॅन, हे सगळं घेऊन युरॉलॉजिस्टकडे बसा.

आणि कोलॅजन-४ चा हट्ट धरण्याआधी ब्लॉकमध्ये टिश्यू किती उरलाय ते विचारा. प्रत्येक सेक्शनला तो कमी होतो, आणि पुढे कोणी खरोखर उपयोगाची तपासणी सांगितली तर तोच लागणार आहे.