दस्त्याची चीर किती जुनी?

प्रश्न: माझ्या आजोबांनी लष्करातून निवृत्त झाल्यावर पिकाच्या संरक्षणासाठी घेतलेली ईशापूरची .३१५ स्पोर्टिंग रायफल आता रीतसर माझ्या परवान्यावर आहे. निवडणुकीच्या काळात ती पोलीस ठाण्यात जमा केली होती. परत आणून पुसताना दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडी भागाला, चीर दिसली. दस्ता ज्या लोखंडी खोबणीत बसतो तेथून ती निघून सुमारे दोन इंच मागे गेली आहे. त्याच जागी लाकूड काळे पडले आहे, दस्ता किंचित हलतो आणि मागच्या पितळी पट्टीजवळ बारीक छिद्रे व पिठासारखी भुकटी दिसते. ठाण्यात रायफल पडली असावी असा मला संशय आहे. गावातले सुतार स्क्रू मारून चीर बंद करून देतो म्हणतात. काय करावे? छायाचित्रे सोबत पाठवीत आहे.
— एक वाचक, पाटण तालुका, जि. सातारा

उत्तर: प्रथम मॅगझिन काढावे, चेंबर, म्हणजे नळीतली काडतुसाची जागा, रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करावी आणि काडतूस आत ढकलणारा सरकता बोल्ट वेगळा काढून ठेवावा. त्यानंतरच लाकडाकडे वळावे.

आपल्या पत्रातला कळीचा मुद्दा चीर केव्हा पडली हा आहे आणि त्याचे उत्तर चिरेच्या आतच सापडते. रायफल पडून दस्ता मोडतो तेव्हा तो बहुधा मनगटापाशी, म्हणजे मुठीच्या बारीक भागात मोडतो. तेथे लाकडाच्या रेषा तिरप्या जात असतील तर चीरही रेषांना छेदत तिरपी जाते, तिच्या कडा कुसळांसारख्या खरबरीत असतात आणि आतले लाकूड नुकत्याच फोडलेल्या ढलपीसारखे फिकट दिसते. शिवाय दस्त्याच्या टाचेला किंवा कोपऱ्याला आपटल्याची खूण राहते. आपल्या छायाचित्रांत यांपैकी काहीच नाही. चीर रेषांच्या बाजूने सरळ गेलेली आहे, तिच्या कडा गुळगुळीत झालेल्या आहेत आणि आत तेलाचा काळा थर मुरलेला आहे. असा थर काही आठवड्यांत बसत नाही, त्याला वर्षे लागतात. म्हणून ठाण्याविरुद्ध तक्रार करण्याच्या फंदात आपण पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चीर आधीचीच होती. आपण दस्ता लक्षपूर्वक पुसला तो आताच.

मग ती पडली कशाने? ही रायफल ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या पद्धतीची असल्यामुळे तिचे लाकूड दोन तुकड्यांत असते. नळीखालचा भाग वेगळा असतो आणि खांद्याला लागणारा दस्ता वेगळा. हा दस्ता आतून जाणाऱ्या एका लांब बोल्टने (हा वरच्या सरकत्या बोल्टाहून वेगळा) लोखंडी खोबणीत घट्ट आवळलेला असतो. पाटणच्या खोऱ्यात पावसाळाभर लाकूड फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. अनेक वर्षांच्या या फुगण्या-आकसण्याने दस्ता ढिला होतो, आणि ढिल्या दस्त्यानिशी बार काढला की प्रत्येक धक्क्याला लाकडाचे तोंड खोबणीच्या कडेवर आपटते व रेषांच्या बाजूने फाटत जाते. दस्ता हलणे हा चिरेचा परिणाम आहे असे आपण समजत असाल, तर क्रम उलटा आहे.

काळेपणाही याच कथेचा भाग आहे. रायफल भरपूर तेल देऊन नळी वर करून कोपऱ्यात उभी ठेवली की तेल उतरत उतरत नेमके खोबणीतल्या लाकडाच्या उघड्या टोकात मुरते, आणि खनिज तेलाने भिजलेले लाकूड मऊ पडते. लपलेल्या जागी सुई टोचून पाहावी. सहज आत गेली तर तेथील तंतू मेलेले आहेत असे धरावे. स्क्रूभोवती निळसर काळे कडे असेल तर ते मात्र तेलाचे नसते. ओलीत लोखंड आणि लाकडातले टॅनिन हे तुरट द्रव्य यांचा संयोग झाला की असा डाग पडतो. चिरेची खरी लांबी पाहण्यासाठी कापसाने स्पिरिट पुसावे. पृष्ठभाग लगेच सुकतो आणि चीर जेथपर्यंत गेली आहे तेथपर्यंत ओली रेघ टिकते. दस्त्यावर लाखेचे पॉलिश असेल तर हा प्रयोग करू नये, पॉलिश विरघळेल.

हलता दस्ता पाहून मागच्या पट्टीतल्या भोकातून लांब स्क्रूड्रायव्हर घालून बोल्ट आवळण्याचा मोह होतो. तो टाळावा. या पद्धतीच्या अनेक रायफलींत त्या बोल्टचे चौकोनी टोक नळीखालच्या लाकडाच्या मागील पट्टीत अडकलेले असते, आणि तो पुढचा भाग आधी न उतरवता बोल्ट फिरवला तर ते लाकूड मागच्या बाजूने फुटते. नळीखालच्या लाकडाच्या मागच्या टोकालाही चीर दिसली, तर पूर्वी कोणीतरी हेच केले असे खुशाल समजावे.

सुतारांचा सल्ला चांगल्या मनाचा असला तरी मानू नये. रेषांच्या बाजूने फाटलेल्या लाकडात नुसता स्क्रू पाचरीचे काम करतो. तेलकट लाकडाला गोंदही धरत नाही. आधी खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून लेप द्यावा लागतो, तो सुकताना तेल ओढून पिवळट होतो, आणि असे पुनःपुन्हा केल्यावरच चिरेत एपॉक्सी हा पक्का गोंद भरून ती आवळता येते. त्यानंतर खोबणीत पातळ पट्टी घालून दस्ता घट्ट बसवतात. हे काम परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याचेच आहे, कारण शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दुसऱ्याच्या अग्निशस्त्राच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. तोपर्यंत या रायफलीने बार काढू नये.

भुकटीचा प्रश्न वेगळा आणि सोपा आहे. एक-दोन मिलिमीटरची गोल छिद्रे आणि पिठासारखी भुकटी ही लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची खूण आहे; तो सालीलगतच्या फिकट लाकडातील पिष्टावर (स्टार्चवर) जगतो, गाभ्याच्या गडद लाकडात सहसा शिरत नाही. छिद्रे झटकून दस्त्याचा तो भाग काळ्या कागदावर काही आठवडे ठेवावा. नवी भुकटी पडली तर कीड जिवंत आहे, आणि दुरुस्ती करणाऱ्याकडून छिद्रांत कीटकनाशक सोडून घ्यावे. न पडल्यास जुनी छिद्रे मेण भरून बुजवली तरी चालतील. काचकागद मात्र कोणालाही लावू देऊ नये, कारण कारखान्याचे छाप त्याने जातात आणि लाकूड लोखंडापेक्षा खाली बसते.