वाचकांचे प्रश्न : "निदान सांगायला तरी काहीतरी राहील"

प्रश्न : ताई नमस्कार. मी 26 चा, गाव परभणी जिल्ह्यात, बीएस्सी केमिस्ट्री केलं आणि तेव्हापासून पुण्यात एमपीएससी करतोय. दोनदा प्रिलिम निघाली, मेन्सला राहिलो. घरून पैसे येतात पण पप्पा आता फोनवर काही बोलतच नाहीत, आईकडे देतात, त्याचंच जास्त टेन्शन येतं. रात्री तीन-तीन वाजेपर्यंत झोप नाही. दिवाळीला पण गेलो नाही, तिथे जो तो एकच विचारतो, काय झालं रे तुझं? मित्र म्हणतो डिस्टन्सने एमए टाकून दे, सायकॉलॉजी नाहीतर पब्लिक अॅडमिन, निदान सांगायला तरी काहीतरी राहील. टाकू का?

उत्तर : अरे, आधी झोपेचं बघू, एमए कुठे पळून जात नाही. तीन-तीन वाजेपर्यंत जागा राहणारा पोरगा सकाळी अभ्यासिकेत जाऊन खुर्चीवर बसतो, पुस्तक उघडं असतं, चहाला तीनदा खाली येतो आणि रात्री रूमवर गेल्यावर आज काहीच झालं नाही म्हणून परत झोप उडते. हे रोजचं झालं असेल तर डॉक्टरला दाखव. आणि आजच बोलावंसं वाटलं तर 14416 हा टेलिमानसचा नंबर आहे, केंद्र सरकारने 2022 मध्ये सुरू केलेला, फुकट आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं. खूप टोकाला गेलं तरच फोन करायचा असं काही नसतं, झोप येत नाही एवढं सांगितलंस तरी चालतं.

आता एमए. सायकॉलॉजीचं डोक्यातून काढ, कारण 2025 पासून यूजीसीने तो विषय डिस्टन्स आणि ऑनलाइनमधून बंद केलाय, कोणी एजंट अॅडमिशन करून देतो म्हणाला तर पैसे अजिबात देऊ नकोस. पब्लिक अॅडमिनचं थोडं वेगळं आहे. राज्यसेवा मेन्स 2025 पासून वर्णनात्मक झालीय आणि त्यात वैकल्पिक विषय आहे, तू तोच विषय घेणार असशील तर एमएचा अभ्यास दोन्हीकडे कामी येईल. पण तू कम्बाइनच, म्हणजे गट ब आणि क ची संयुक्त परीक्षाच, देत असशील तर त्याचा काडीचा उपयोग नाही, दोन वर्षं फक्त फी भरशील आणि असाइनमेंट लिहीत बसशील. शेजारच्या काकांना सांगायला म्हणून डिग्री घेणं फार महागात पडतं बाबा, काका तर दोन वर्षांनी पुढचा प्रश्न विचारायला मोकळेच!

मला विचारशील तर तू आधी कामाला लाग. केमिस्ट्रीवाल्याला एमआयडीसीत लॅबचं, क्वालिटीचं काम मिळू शकतं, सुरुवातीचा पगार बेताचाच असतो हे पण सांगून ठेवते. केंद्राची नॅट्स म्हणून अप्रेंटिसशिपची योजना आहे, तिच्या पोर्टलवर पदवीधरांना नाव नोंदवता येतं, स्टायपेंड मिळतो आणि शेवटी सर्टिफिकेट. नोकरीची गॅरंटी नाही त्यात. पण पास होऊन बरीच वर्षं झालेल्यांना ती मिळत नाही, म्हणून तू आत्ताच बघ. इंटरव्ह्यूत गॅप विचारतीलच, सरळ सांगायचं की स्पर्धा परीक्षा केली, दोनदा पूर्व परीक्षा पास झालो. खोटा अनुभव लिहायचा नाही, एका फोनमध्ये उघडं पडतं.

परीक्षा सोड असं मी म्हणत नाहीये. नोकरी करून एक अटेम्प्ट दे. खुल्या गटाला 38 पर्यंत वय चालतं, आणि खरी गोम तिथेच आहे, कारण थांब म्हणून बाहेरून कोणी सांगतच नाही, ती तारीख आपली आपण ठरवायची असते. ती ठरव आणि पप्पांना फोन करून सांग, मेसेज नको. ते गप्प आहेत ते रागाने की काळजीने हे तुला इथे बसून कळणार नाही.

प्रश्न : मी 37 वर्षांची, सांगली जिल्ह्यात पतसंस्थेत क्लार्क आहे. बारावी कॉमर्सनंतर लग्न झालं. पदवी असती तर बढती मिळाली असती असं साहेब म्हणतात. मुलगी दहावीला आहे. सासूबाई म्हणतात आता काय ते कॉलेज. मुक्त विद्यापीठाची डिग्री चालते का?

उत्तर : चालते हो. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे, आणि मान्यता असलेल्या डिस्टन्स अभ्यासक्रमाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरायची असं यूजीसीने 2022 मध्येच स्पष्ट केलंय. बीकॉम घ्या, तुमच्या रोजच्या कामाचंच आहे, व्हाउचर आणि ताळेबंद तुम्हाला कोणी नव्याने शिकवायला नको. पण साहेबांना आधी विचारा, बढतीच्या नियमात पदवी कुठली लागते, लेखी दाखवा म्हणावं. नुसतं तोंडी ऐकून तीन वर्षं घालवू नका.

लेकीची दहावी आहे म्हणून थांबायचं कशाला, उलट दोघी एका टेबलाशी बसा संध्याकाळी, फक्त तिच्या परीक्षेच्या महिन्यात तुमचा अभ्यास बाजूला ठेवा. सासूबाईंचं मी मनावर घेणार नाही, तुम्ही पण घेऊ नका, मात्र रविवारी संपर्क सत्राला गेलात की स्वयंपाक कोण बघणार हे अॅडमिशनच्या आधीच घरात बोलून घ्या. भांडणं बहुतेक तिथूनच सुरू होतात.

अजून एक, आणि यातच बायकांचा सगळ्यात जास्त वेळ जातो. बारावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. आता अभ्यासाची क्रेडिट्स जमा होण्यासाठी एबीसी आयडी, म्हणजे शैक्षणिक क्रेडिट बँकेतला आपला नंबर, काढावा लागतो, तो डिजिलॉकरमधून आधारच्या नावाने निघतो, मग नाव जुळत नाही म्हणून फॉर्म अडकतो. विवाह नोंदणीचा दाखला काढलेला आहे का बघा, नसेल तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत आत्ताच अर्ज करा, आणि अभ्यास केंद्रावर विचारा की त्यांना तेवढा पुरतो का नाव बदलल्याची गॅझेटमधली (राजपत्रातली) नोंद लागेल. प्रवेश सुरू झाल्यावर धावपळ करू नका, तेव्हा सगळ्यांचीच गर्दी असते.